संपमध्ये गाळ साचू नये म्हणून: ॲक्वेरियमच्या नव्या शौकिनांसाठी

संप म्हणजे मुख्य टँकच्या खाली ठेवलेली फिल्टरची टाकी: वरचं पाणी तिच्यात उतरतं, गाळलं जातं आणि पंपाने परत वर जातं. तो बसवल्यावर पहिले काही आठवडे वरच्या टँकचं पाणी निवळशंख दिसतं. तळाला विष्ठा नाही, उरलेलं खाणं तरंगत नाही, फिल्टर छान चाललाय असं वाटतं. तो चाललेला असतोही. पण वरचा कचरा घराबाहेर गेलेला नसतो. तो कॅबिनेटच्या दाराआड, खालच्या टाकीत उतरलेला असतो आणि त्याच पाण्यात पडून असतो. स्पंजमध्ये अडकलेली विष्ठा डोळ्यांआड झाली, तरी माशांच्या पाण्यातच भिजत, कुजत राहते. तुम्ही ती हाताने उचलून बाहेर टाकाल तेव्हाच ती टँकमधून गेली.

इथे एकच उदाहरण धरून चालतो. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच असा गोड्या पाण्याचा टँक. काठोकाठ भरला तर सुमारे २५५ लिटर. त्याखाली कॅबिनेटमध्ये तीन फूट लांब, एक फूट रुंद संप. त्यात काचेची पार्टिशन्स टाकून चार चेंबर: पहिल्यात गाळणी, दुसऱ्यात सिरॅमिक रिंगसारखा मीडिया (उपयोगी जिवाणूंना राहायला दिलेली जागा), मग बुडबुडे अडवणाऱ्या काचा आणि शेवटी पंप. तुमची मापं वेगळी असली तरी हिशेब असाच करायचा.

गाळ संपमध्येच का बसतो

पाणी वर ढकलणारा पंप प्रत्यक्षात तासाला १५०० लिटर पाणी देत असेल, तर एक इंची पाइपातून ते सेकंदाला सुमारे ८५ सेंटिमीटर वेगाने जातं. या वेगात विष्ठेचा तुकडा कुठेच थांबत नाही. तेच पाणी संपमध्ये आलं की त्याला ३० सेंटिमीटर रुंद आणि साधारण २२ सेंटिमीटर खोल अशी ऐसपैस वाट मिळते, आणि वेग सेकंदाला अर्ध्या सेंटिमीटरच्या थोडा वर उरतो. शंभरपटीहून जास्त घट. धरणाच्या जलाशयात नदी मंदावली की तिचा गाळ तिथेच बसतो, तसंच हे.

म्हणून संपमध्ये गाळ बसूच नये असा हट्ट धरून उपयोग नाही. तो कुठे बसेल हे मात्र आपल्याला ठरवता येतं, आणि ती जागा अशी निवडायची की हात सहज पोचेल. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

बसलेला गाळ निरुपद्रवी नसतो. कुजताना त्यातून अमोनिया सुटतो, जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या कामाला ऑक्सिजन लागतो, आणि तो त्याच पाण्यातून घेतला जातो: अमोनियातल्या एका ग्रॅम नायट्रोजनमागे साडेचार ग्रॅमच्या आसपास. शिवाय पाण्याची क्षारता खर्ची पडते, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सुमारे ७ ग्रॅम. पाणी मुळात मृदू असेल तर गाळाने भरलेल्या टँकचा पीएच हळूहळू घसरतो आणि मालकाला कारण कळत नाही. टेस्ट किटमध्ये नायट्रेट पाणी बदलल्यानंतर दोनच दिवसांत पुन्हा चढलेलं दिसलं, तर औषधाची बाटली आणण्याआधी कॅबिनेट उघडून टॉर्च मारा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

पायरी १: वरूनच कमी पाठवा

सगळ्यात स्वस्त उपाय हाच, आणि तोच सगळ्यात कमी लोक करतात. दिवसातून एकदा किंवा दोनदा, मासे साधारण दोन मिनिटांत संपवतील इतकंच खाणं द्या. ते तळाशी जाऊन पडू लागलं तर ते माशांचं खाणं राहिलं नाही, संपचा गाळ झाला. घरात खाणं घालणारे दोघं-तिघं असतील तर आठवड्याची पुडी बांधून ठेवा आणि त्यातलंच घालायचं असं सगळ्यांना सांगा. आजोबा सकाळी, मुलं शाळेतून आल्यावर आणि आपण रात्री असं तीनदा झालं की कुठलाही फिल्टर पुरत नाही.

ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, ॲरोवाना हे मासे खूप घाण करतात. गोल्डफिशला तर खरं पोटच नसतं, खाल्लेलं पटकन बाहेर येतं. असे मासे असतील तर पुढे दिलेलं सफाईमधलं दिवसांचं अंतर निम्मं करा.

पायरी २: पहिल्याच चेंबरमध्ये अडवा

वरून पाणी पडतं तिथेच गाळणी हवी. पाणी मीडियावरून आधी आणि गाळणीतून नंतर जात असेल, तर तुमचा महागडा मीडियाच गाळणी झाला आहे. पूर्वी बायो बॉलवर, म्हणजे खाचांच्या प्लॅस्टिकच्या गोळ्यांवर, पाणी ठिबकवणारे फिल्टर पुष्कळ वापरले जायचे आणि ते नायट्रेट वाढवतात अशी त्यांची बदनामी झाली. दोष बॉलचा नव्हता. त्यांच्याआधी गाळणी नसायची आणि विष्ठा बॉलच्या खाचांत जाऊन बसायची.

गाळणीचे तीन पर्याय सहज मिळतात.

फिल्टर सॉक, म्हणजे जाड फेल्टची पिशवी. २०० मायक्रॉनची घ्या, म्हणजे ०.२ मिलिमीटरपेक्षा मोठे कण अडतील. १०० मायक्रॉनची पिशवी पाणी जास्त चकचकीत करते, पण इतक्या लवकर तुंबते की नवा माणूस कंटाळून ती काढूनच टाकतो. सॉक दर तीन-चार दिवसांनी बदलायचा. म्हणून एक विकत घेऊ नका, तीन घ्या: एक संपमध्ये, एक धुऊन उन्हात, एक तयार. धुताना उलटा करून नळाच्या जोरदार धारेखाली धरा. साबण किंवा डिटर्जंट अजिबात नको, फेल्टमध्ये तो राहतो आणि माशांच्या कल्ल्यांना त्रास देतो.

स्पंजचे थर. वर जाड छिद्रांचा, खाली बारीक छिद्रांचा. उलट लावलात तर बारीक स्पंज दोन दिवसांत तुंबतो आणि जाड स्पंजला कामच उरत नाही. स्पंज चेंबरमध्ये घट्ट बसला पाहिजे. बाजूला बोटभर फट असली तरी पाणी त्या फटीतूनच जाणार, आणि कचराही.

फिल्टरचा कापूस. बारीक कण पकडायला उत्तम, स्वस्त, आणि न धुता फेकून द्यायचा. मी स्पंजच्या खाली कापसाचा एक पातळ थर ठेवतो आणि दर आठवड्याला तो टाकून देतो. नव्याने सुरुवात करणाऱ्यालाही मी हेच सांगेन: जाड स्पंज, खाली कापूस. सॉकपेक्षा यात विसराळूपणा जास्त खपतो.

गाळणी तुंबली की पाणी तिच्यावरून उतू जातं. ते पुढच्या चेंबरमध्ये जायला वाट ठेवलेली हवी, नाहीतर ते कॅबिनेटमध्ये सांडेल. म्हणून सॉकचा काठ किंवा स्पंजचा ट्रे संपच्या बाहेरच्या काचेपेक्षा चांगला खाली असू द्या. पाणी काठावरून वाहताना दिसलं की दिवस मोजत बसू नका, त्याच दिवशी धुवा.

सॉक तीन आठवडे तसाच ठेवणं हे सॉक नसण्यापेक्षा वाईट. सॉक नसता तर विष्ठा तळाशी एका जागी बसली असती. आता सगळं पाणी त्या कुजणाऱ्या विष्ठेतूनच गाळून पुढे जातं.

पायरी ३: मीडिया तळावरून उचला

सिरॅमिक रिंग थेट संपच्या तळावर ओतलेल्या मी कितीतरी घरांत पाहिल्या आहेत. त्या ढिगाखाली गाळ बसतो आणि तो काढायला सगळा ढीग उपसावा लागतो, म्हणून कोणी काढत नाही. मीडिया जाळीच्या पिशव्यांत भरा आणि पिशव्या तळापासून किमान पाच सेंटिमीटर वर ठेवा. खाली आधाराला पीव्हीसी पाइपाचे तुकडे आणि वर ट्यूबलाइटच्या पॅनेलला लावतात ती पांढरी प्लॅस्टिकची चौकटी जाळी, एवढं पुरे. जाळी हॅकसॉने सहज कापता येते. आता खालच्या पोकळीत सायफनची नळी सरळ आत घालता येते.

पिशव्या खच्चून भरू नका. पाणी रिंगांमधून गेलं पाहिजे. कोंबून भरलेल्या पिशवीला पाणी वळसा घालून जातं आणि आत नुसता चिखल धरतो.

संप अजून बनवायचा असेल तर काचवाल्याला आणखी एक गोष्ट सांगा: पहिल्या चेंबरची रुंदी तुमचा पंजा पेल्यासकट आत जाईल इतकी हवी. बरेच जण मीडियाला जागा मिळावी म्हणून पहिलं चेंबर चार इंचांचं करतात आणि मग आयुष्यभर चमच्याने गाळ काढतात. बुडबुडे अडवणाऱ्या काचांमधल्या फटीही फार अरुंद करू नका. साधारण एक इंच ठेवली तर पाऊण इंची नळी खाली उतरते. मधली काच तळापासून एक इंच उंच ठेवतात, त्या फटीतून पाणी जरा वेगाने जातं आणि तिथे गाळ टिकत नाही. तो टिकतो तिच्या पुढच्या काचेच्या पायथ्याशी. नळी तिथे न्यायची.

पायरी ४: प्रवाह नीट ठेवा

पंपाच्या खोक्यावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो. संपपासून टँकच्या काठापर्यंत चार-साडेचार फूट चढ, त्यात कोपरे आणि वळणं, म्हणजे २५०० ते ३००० लिटरच्या पंपातून वर प्रत्यक्षात निम्मंच पोचू शकतं. खात्री करायची असेल तर वरच्या नळीखाली बादली धरा आणि दहा लिटर भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघा. २४ सेकंद लागले तर तासाला १५०० लिटर. आपल्या टँकसाठी हे तासाला जवळजवळ सहा फेऱ्या होतात, आणि गोड्या पाण्यात तेवढं पुरतं.

गाळ बसू नये म्हणून आणखी मोठा पंप लावायचा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो पटत नाही. मोठ्या पंपाने संपमध्ये बुडबुडे वाढतात, आवाज वाढतो, आणि गाळणीच्या कडेने कचरा पुढे ढकलला जातो. कोपऱ्यात गाळ धरत असेल तर तिथे एखादा लहान पॉवरहेड (पाण्यातच बसून प्रवाह सोडणारा पंप) काचेला चिकटवून तळाच्या दिशेने वळवा. पण तो पहिल्या चेंबरमध्येच, गाळणीच्या आधी. गाळणीनंतर पाणी घुसळलं तर बारीक झालेली घाण पंपातून परत माशांकडे जाईल.

पायरी ५: आठवड्याचं काम

हे काम पाणी बदलण्याबरोबरच करायचं. संपमधून काढलेलं घाण पाणी हेच तुमचं बदललेलं पाणी. त्यासाठी वेगळं काही उपसायला नको.

आधी हीटर बंद करा आणि काही मिनिटं थांबा. पुण्या-नाशिककडे हिवाळ्यात हीटर संपमध्येच ठेवतात, आणि तापलेला काचेचा हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर तडकतो. मग पंप बंद करा आणि प्लग काढा, नुसतं बटण नको. ॲक्वेरियमच्या सर्किटवर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) असायलाच हवा. हाताला जखम असेल तर रबरी हातमोजे घाला, टँकच्या पाण्यातल्या काही जिवाणूंमुळे त्वचेला चिवट संसर्ग होतो.

पंप बंद झाला की वरचं थोडं पाणी खाली येतं आणि संपची पातळी चढते. गाळणी काढून बादलीत ठेवा. ती बाहेर काढताना खाली बादली धरलेली हवी, नाहीतर तिच्यातून गळणारी सगळी घाण संपमध्येच परत पडते. आता पाच-दहा मिनिटं काहीच करू नका. तरंगणारे कण बसू द्या.

त्यानंतर सायफन. इथे संपची एक अडचण आहे जी वरच्या टँकला नसते: संप जमिनीवर असतो, त्यामुळे बादली त्याच्याखाली ठेवता येत नाही. लांब नळी बाथरूमच्या किंवा स्वयंपाकघरातल्या मोरीपर्यंत न्या. संपमधलं पाणी जमिनीपासून पाऊण-एक फूट वर असतं, त्यामुळे नळी वाहते, जरा हळू. पातळी उतरेल तसा वेग कमी होतो आणि शेवटचे दोन इंच येतच नाहीत. म्हणून सगळ्यात आधी जिथे जास्त गाळ आहे तिथे नळी न्या, स्वच्छ पाणी उपसण्यात जोर घालवू नका. उरलेल्यासाठी कूलरचा छोटा सबमर्सिबल पंप नळी लावून तळाशी फिरवा. नळी तोंडाने ओढून सुरू करू नका. ती आधी पाण्याने भरून घ्या, किंवा रबरी फुगा असलेला सायफन वापरा.

नळीचं टोक तळाशी टेकवून हळूहळू पुढे सरकवा. घाई केली की गाळ उडतो आणि पाणी चहाच्या रंगाचं होतं. मीडियाखालच्या पोकळीत नळी घालायच्या आधी एक-दोन पिशव्या जागच्या जागी हलवा, अडकलेला गाळ खाली पडेल. काचांच्या फटींसाठी मोठी प्लॅस्टिकची सिरिंज घ्या, पुढे हवेच्या नळीचा तुकडा लावा.

गाळ तपकिरी आणि मातीसारख्या वासाचा असेल तर चिंता नाही. काळा असेल आणि सडक्या अंड्यांचा वास येत असेल तर ऑक्सिजन न पोचणारा जाड थर तयार झाला आहे, त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो आणि तो माशांना विषारी आहे. असा थर ढवळू नका. पंप बंद ठेवूनच सायफनने उचला, आणि ते पाणी वर जाऊ देऊ नका. महिनोन्महिने न उघडलेला संप साफ करताना हाच सगळ्यात मोठा धोका असतो.

तीस-चाळीस लिटर काढून झाले की गाळणी धुवा. पहिल्या चेंबरचा स्पंज नळाखाली खसखसून पिळून धुतला तरी चालतो, कारण जिवाणूंचं घर दुसऱ्या चेंबरमध्ये आहे. नवं पाणी भरताना त्यात आधी अँटीक्लोरीनचे थेंब टाका. पावसाळ्यात पालिकेच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा तर विसरूच नका. मग पंप सुरू करा आणि संप नेहमीच्या खुणेपर्यंत भरला आहे ना बघा. ही खूण काचेवर मार्करने करून ठेवा, पुढे ती फार उपयोगी पडते.

काढलेलं पाणी झाडांना उत्तम. तुळस, जास्वंद, मनीप्लांट, कशालाही घाला. टँकमध्ये औषध किंवा मीठ घातलेलं असेल तेव्हा मात्र मोरीतच.

पायरी ६: मीडिया धुताना हात आखडता घ्या

गाळणीला जितकं कठोरपणे वागवाल, मीडियाला तितकंच जपा. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू या रिंगांवर राहतात आणि फार हळू वाढतात. नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली त्या धुतल्या तर वरचा टँक काही दिवसांत पुन्हा नव्यासारखा होतो, अमोनिया चढतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात.

दोन-तीन महिन्यांतून एकदा, टँकच्याच काढलेल्या पाण्याची बादली भरा आणि निम्म्याच पिशव्या त्यात हलवून काढा. उरलेल्या पुढच्या वेळी. घासायचं नाही. रिंगा तपकिरी दिसल्या तरी चालतात, त्यांच्यामधल्या पोकळ्या मोकळ्या झाल्या की झालं. ज्या दिवशी गाळणी पूर्ण धुतली, संपचा तळ उपसला आणि वरची रेतीही साफ केली, त्या दिवशी मीडियाला हात लावू नका.

मीडिया हलवाल त्या दिवशी पंपाकडेही बघा. पुढचं झाकण उघडून इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं फिरतं पातं, बाहेर काढा, त्याच्या खोबणीत जमलेला बुळबुळीत थर जुन्या टूथब्रशने काढा. बोअरचं पाणी असेल तर पांढरी पुटं चढतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात अर्धा तास भिजवा, साध्या पाण्याने नीट धुवा. इम्पेलर जड झाला की प्रवाह कमी होतो, आणि प्रवाह कमी झाला की गाळ जास्त बसतो. हे इतकं हळूहळू होतं की लक्षातही येत नाही, म्हणून वर्षातून दोनदा तरी बादली-घड्याळाची चाचणी पुन्हा करा.

वीज जाते तेव्हा

आपल्याकडे याचा विचार केल्याशिवाय संप पूर्ण होत नाही. पंप थांबला की वरचं पाणी विअरच्या, म्हणजे ज्या काठावरून ते संपकडे उतरतं त्याच्या, पातळीपर्यंत खाली येतं. चार फूट बाय दीड फूट पृष्ठभागावर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळजवळ साडेपाच लिटर. तीन सेंटिमीटर उतरलं तर सोळा-सतरा लिटर, आणि आपल्या संपमध्ये त्याने सहा सेंटिमीटर पातळी वाढते. तेवढी जागा, वर थोडी जास्तीची, रिकामी ठेवा. मार्करची खूण यासाठीच. वरच्या नळीला पाण्याच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली एक लहान भोक पाडा, म्हणजे तिथे हवा शिरून उलटा सायफन तुटेल. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका. त्याच्या झडपेत गाळाचा एखादा कण अडकला की तो बंद होत नाही.

वीज परत आल्यावर पहिल्या मिनिटात पंप आपल्या चेंबरमधला बसलेला गाळ उचलून वर फेकतो. वारंवार वीज जाणाऱ्या गावात वरचं पाणी अधूनमधून गढूळ होतं ते यामुळे. शेवटचं चेंबर स्वच्छ ठेवा आणि पंप तळावर न ठेवता एखाद्या टाइलवर किंवा दोन इंच उंचीवर बसवा. फार उंचही नको. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी नेमकं याच चेंबरमध्ये कमी होतं आणि पंप हवा ओढू लागतो.

दुकानात मिळणारे उपाय

गाळ खाणारे जिवाणू म्हणून बाटल्या मिळतात. त्यांनी गाळाचा काही भाग विरघळतो, पण विरघळलेला नायट्रोजन आणि फॉस्फेट पाण्यातच राहतात, ते काढायला पाणी बदलावंच लागतं. सायफनच्या जागी बाटली चालत नाही.

सकरमाउथ (काचेला तोंडाने चिकटणारा मासा) किंवा गोगलगाई संपमध्ये सोडणं हाही लोकप्रिय उपाय आहे. सकरमाउथ विष्ठा खात नाही, स्वतःची भर मात्र घालतो. गोगलगाई उरलेलं खाणं संपवतात आणि कचऱ्याचे बारीक कण करतात. त्याने तो पंपातून वर जायला सोपा होतो.

मनीप्लांटची मुळं संपमध्ये सोडण्याचा उपाय मात्र मला मनापासून आवडतो. फांद्या बाहेर उजेडात, मुळं पाण्यात, नायट्रेट खरोखर कमी होतं. फक्त मुळांच्या जटांमध्ये गाळ अडकतो, म्हणून झाड पहिल्या चेंबरच्या कडेला लावा, मुळं महिन्यातून एकदा टँकच्या पाण्यात झटकून घ्या आणि कुजलेली कापून टाका. मुळं वाढत पंपापर्यंत पोचू देऊ नका.

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये प्रोटीन स्किमर असतो. तो विरघळलेली घाण कुजण्याआधी फेसाबरोबर बाहेर काढतो, पण तळाला बसलेल्या गाळाला तोही हात लावू शकत नाही. उलट स्किमरच्या खालीच सगळ्यात जास्त गाळ सापडतो, म्हणून तो सहज उचलता येईल असा ठेवा. बाष्पीभवनाने गेलेलं पाणी भरताना मिठाचं पाणी घालायचं नाही, गोडं आरओचं पाणी घालायचं. मीठ उडून गेलेलं नसतं.

गावी जाताना

गणपतीला आठवडाभर कोकणात जायचं असेल तर निघायच्या आदल्या दिवशी पायरी पाचचं सगळं काम करा. निघायच्या दिवशी नको, कारण काही गळत असेल तर ते बघायला एक रात्र हवी. सॉक वापरत असाल तर तो काढून ठेवा आणि त्या जागी जाड छिद्रांचा स्पंज लावा. सॉक आठवड्यात तुंबणार आणि उतू जाणार, जाड स्पंज तेवढे दिवस निभावतो. कापूसही काढा. संप खुणेपर्यंत भरा, टँकवर काच झाका.

मोठ्या, निरोगी माशांना आठवडाभर उपास सहज झेपतो. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना नाही. शेजाऱ्यांकडे किल्ली देत असाल तर खाण्याचा डबा कपाटात ठेवा आणि त्यांना फक्त एवढं सांगा: वर पाणी पडतंय का बघा, आणि संपमध्ये पंप आवाज करत असेल तर खुणेपर्यंत पाणी घाला. त्यासाठी आधीच अँटीक्लोरीन घालून ठेवलेली एक झाकलेली बादली कॅबिनेटशेजारी असू द्या. परतल्यावर आधी गाळणी धुवा, मग माशांना खायला घाला.